सह्याद्रीचा पाषाण, कळंबचा शिंपला

100 किलो शिंपले भट्टीत नीट भाजले की साधारण 56 किलो कळीचा चुना हाती लागतो. उरलेले 44 किलो हवेत जातात. शिंपल्याच्या कवचात बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइड आचेने सुटतो आणि मागे चुना राहतो. सिमेंट येण्याआधी कोकणपट्टीवरच्या देवळांच्या, चर्चच्या, घरांच्या आणि कोटांच्या भिंती ज्या चुन्यावर उभ्या राहिल्या, त्यातला बराचसा असा समुद्रातून आलेला होता. भिंतीत बसल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. भट्टीने एका दिवसात सोडलेले भिंत वर्षानुवर्षे गोळा करत राहते. भट्टी पेटवायला जाळलेल्या सरपणाचा वायू मात्र तिच्या हिशेबात येत नाही.

समुद्राचे रसायन आणि पृथ्वीवरचे कार्बनचे चक्र हा या पुस्तकाचा विषय. दूरच्या प्रवाळबेटांपासून किंवा ध्रुवाकडच्या बर्फापासून त्याचा आरंभ करता आला असता. मी तो कळंबपासून केला आहे. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला निर्मळ, आणि निर्मळच्या पुढच्या वाड्या ओलांडल्या की सुरूच्या झाडांआड कळंबचा किनारा. उत्तरेला राजोडी आणि अर्नाळा, दक्षिणेला भुईगाव आणि त्याखाली वसईचा किल्ला. अर्नाळ्यापाशी वैतरणा समुद्राला मिळते, किल्ल्यापाशी वसईच्या खाडीतून उल्हासचे पाणी येते. या दोन मुखांच्या मध्ये कळंब आहे. ओहोटीला तिथल्या वाळूवर तिसऱ्यांची, खुब्यांची रिकामी कवचे पसरलेली असतात आणि सुट्टीच्या दिवशी फिरायला आलेल्यांच्या पायाखाली ती करकरतात. मला या पुस्तकात एवढेच दाखवायचे आहे, की त्या एका कवचात सह्याद्रीचा दगड, त्र्यंबकच्या डोंगरांवरचा पाऊस आणि हवेतला वायू एकत्र आले आहेत; आणि निसर्गाने लाखो वर्षांच्या सावकाशीने सांभाळलेला हा मेळ आपण मोजक्या पिढ्यांत ढळवला आहे.

आधी पाण्याकडे पाहू. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त म्हणून काही ठिकाणी थोडे अधिक. वसई, नायगाव परिसरातल्या मिठागरांमध्ये हे पाणी उन्हात आटवले जाते तेव्हा मीठ सगळ्यात आधी खाली बसत नाही. पाणी निम्म्याच्या आसपास आले की प्रथम चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सुटते. मग जिप्सम. पाणी मूळच्या दहाव्या हिश्शावर आले की मीठ धरू लागते. या 35 ग्रॅमांत बायकार्बोनेट असते जेमतेम 0.14 ग्रॅम. एवढ्याशा द्रव्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, पण पृथ्वीच्या हवामानाच्या दृष्टीने समुद्रातल्या सगळ्या क्षारांत महत्त्वाचे हेच. कारण समुद्रातला कार्बन मुख्यतः याच रूपात आहे. साऱ्या समुद्रात मिळून सुमारे 38,000 अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळजवळ पन्नास पट. समुद्राच्या तुलनेत आपले वातावरण हा कार्बनचा अगदी लहान साठा आहे, आणि मोठ्या साठ्यात थोडे काही हलले की लहान साठ्यात उलथापालथ होते.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला की त्याचे कार्बनिक आम्ल होते. ते लगेच फुटते आणि हायड्रोजन आयन मोकळे करते. पाण्यात आधीपासून असलेले कार्बोनेट हे आयन उचलते आणि स्वतः बायकार्बोनेट होते. म्हणून समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनपैकी सुमारे 90 टक्के बायकार्बोनेट, 9 टक्क्यांच्या आसपास कार्बोनेट आणि फार तर 1 टक्का निव्वळ वायू अशी वाटणी दिसते. निव्वळ वायू इतका थोडा उरतो म्हणूनच समुद्र हवेतून आणखी घेऊ शकतो. पण प्रत्येक वेळी घेताना कार्बोनेट खर्ची पडते, आणि तेच शिंपल्याला, प्रवाळाला कवच बांधायला हवे असते. घेण्याची ताकद आणि बांधण्याचा माल एकाच थैलीतून जातो. आम्लता-अल्कता मोजण्याच्या सामूच्या पट्टीवर जगाच्या समुद्रपृष्ठाचा आकडा औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे 8.2 होता, आता तो सुमारे 8.1 आहे. एका दशांशाचा हा फरक वाचायला क्षुल्लक वाटतो. ही पट्टी लॉगॅरिदमची असल्यामुळे त्याचा अर्थ असा, की हायड्रोजन आयनांचे प्रमाण पाव हिश्शाहून अधिक वाढले आहे.

समुद्र सगळे पचवील, असा विश्वास विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांतही होता. 1957 साली रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी त्याला पहिला मोठा धक्का दिला. हवेतला कार्बन डायऑक्साइड 10 टक्क्यांनी वाढला तर पृष्ठभागावरच्या पाण्यातला एकूण कार्बन वाढतो फक्त 1 टक्क्याच्या आसपास, कारण वर सांगितलेली अदलाबदल स्वतःच त्याला अडवते. पुढच्याच वर्षी चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या माउना लोआ पर्वतावर हवेची मोजणी सुरू केली. तेव्हा दर दहा लाख कणांमागे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण 315 च्या घरात होते. आज ते 420 च्या वर आहे. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र घेतो. त्याने घेतले नसते तर हवा आजच कितीतरी अधिक तापली असती. हे उपकार मोठे आहेत. त्यांची किंमत समुद्राच्या रसायनाने चुकवली आहे, हे आपण फारसे बोलत नाही.

आता शिंपल्याकडे. पुष्कळ सुशिक्षित माणसे मानतात, आणि काही पाठ्यपुस्तकेही तसे सुचवतात, की शिंपला कवच बांधतो म्हणजे तो हवेतला कार्बन कमी करतो. रसायन वेगळे सांगते. कवच बांधताना एक कॅल्शियम आणि दोन बायकार्बोनेट वापरले जातात. त्यातल्या एकाचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात सुटतो. त्यातला काही भाग पाणी पचवते, तरीही कवच तयार होताना भोवतालच्या पाण्यात वायू वाढतो. कवच कार्बन कोंडते आणि त्याच क्रियेत थोडा सोडतेही. हे विधान वाचून वाचकाला क्षणभर गोंधळल्यासारखे होईल. पुस्तकाचे दुसरे प्रकरण त्यासाठीच आहे, आणि ते घाईने वाचू नये अशी माझी विनंती आहे. शिंपल्यांची शेती करून हवामान सुधारण्याच्या योजना अधूनमधून मांडल्या जातात. हा एक हिशेब नीट कळला तर त्या तपासून घेता येतील.

मग ते दोन बायकार्बोनेट समुद्रात आले कुठून? इथे आपला सह्याद्री येतो. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते, या दगडातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवते, आणि वायूचे बायकार्बोनेट करून ओढ्याला लावते. जोडीला सिलिकाही विरघळते. काळा पाषाण या बाबतीत ग्रॅनाइटपेक्षा फार लवकर झिजतो, आणि त्यावर उष्ण हवा व धो-धो पाऊस मिळाला तर आणखी लवकर. जगातल्या जमिनीत अशा ज्वालामुखी खडकाचा वाटा थोडा, पण सिलिकेट खडकांच्या झिजेतून हवेतला जो कार्बन डायऑक्साइड खेचला जातो त्यात त्याचा वाटा जवळजवळ तिसरा हिस्सा, असे नद्यांच्या रसायनाचा अभ्यास सांगतो. फ्रेंच अभ्यासकांनी आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या नद्यांचे पाणी याच प्रश्नासाठी तपासले आहे. घाटाच्या पश्चिम उतारावरच्या आखूड, वेगवान नद्या या कामात विशेष आहेत.

वैतरणा त्यांच्यापैकी एक. ती त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत उगवते. तिथल्याच ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेला निघते आणि आपले बायकार्बोनेट बंगालच्या उपसागराला देते. वैतरणा पश्चिमेला उतरून अर्नाळ्याला येते. मात्र तिचे सगळे पाणी तिथवर पोहोचत नाही. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर आणि तिच्या उपनदीवरचे तानसा, या धरणांतून मुंबईची बरीच तहान भागते. म्हणजे सह्याद्रीच्या झिजेचा बराच माल मुंबईच्या नळांतून, सांडपाण्यातून, दुसऱ्याच जागी समुद्राला मिळतो. आणि धरणाच्या संथ पाण्यात डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांचे कवच सिलिकाचे असते, त्यामुळे नदीतला सिलिका काही प्रमाणात धरणातच अडकतो. खाली समुद्रातल्या डायटमना तो कमी मिळतो, आणि समुद्रातला कार्बन तळाशी नेण्याच्या कामी डायटमच सर्वात उपयोगी. धरणाची चर्चा आपल्याकडे विस्थापन, पाणीवाटप आणि गाळ यांवर थांबते. ही बाजूही त्यात यायला हवी.

इथे एक सावधगिरी. कळंबच्या शिंपल्यातले कॅल्शियम थेट वैतरणेने आणले, असे म्हणणे देखणे पण चुकीचे ठरेल. कॅल्शियमचा अणू समुद्रात सरासरी सुमारे दहा लाख वर्षे राहतो आणि साऱ्या समुद्राचे पाणी हजारेक वर्षांत एकमेकांत मिसळते. त्यामुळे त्या कवचात अॅमेझॉनचाही दगड आहे आणि गंगेचाही. सह्याद्रीचा वाटा त्यात आहे, आणि तो त्याच्या आकाराच्या मानाने मोठा आहे, इतके खात्रीने म्हणता येते.

दगडाने दोन भाग वायू हवेतून घेतला, कवचाने त्यातला एक परत सोडला, एक कायमचा बांधला. पृथ्वीने कोट्यवधी वर्षे आपले तापमान राहण्याजोगे ठेवले त्यामागे ही संथ यंत्रणा आहे. तिचा वेग पाहा. जगभरातल्या सिलिकेट खडकांच्या झिजेतून वर्षाला हवेतला साधारण 0.1 ते 0.15 अब्ज टन कार्बन खेचला जातो. आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे 10 अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. या दोन आकड्यांतले अंतर हाच या पुस्तकाचा गाभा. निसर्ग हे सगळे भरून काढील, हे खरेच आहे. त्याला लागणारा काळ लाखो वर्षांचा आहे, आणि माणसांची वस्ती, शेती, बंदरे इतकी वाट पाहू शकत नाहीत.

समुद्र कार्बन घेतो असे आतापर्यंत म्हटले. आपला समुद्र मात्र या नियमाला मोठा अपवाद आहे, आणि मराठी वाचकाने तो माहीत करून घ्यायलाच हवा. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ पृष्ठभागावरचे पाणी दूर ढकलतात आणि खोलातले थंड पाणी वर येते. आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही, विशेषतः दक्षिणेकडे, पावसाळ्यात हे घडते. खोलातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. ते वर येऊन तापले की, गार सोड्याची बाटली उन्हात ठेवल्यावर व्हावे तसे, त्यातला वायू निघू लागतो. गोव्याच्या दोनापावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 साली स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. तिच्या शास्त्रज्ञांनी 1994 नंतरच्या काही वर्षांत वेगवेगळ्या ऋतूंत अरबी समुद्रावर सफरी केल्या. त्या मोजण्यांच्या आधारे व्ही. व्ही. एस. एस. सर्मा, एम. दिलीप कुमार आणि एम. डी. जॉर्ज यांनी 1998 साली मांडले, की मध्य आणि पूर्व अरबी समुद्र वर्षभर हवेला कार्बन डायऑक्साइड देत राहतो. कळंबच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेला जो समुद्र दिसतो, त्याच्या पलीकडचा मोठा भाग घेणारा नसून देणारा आहे. ‘समुद्र आहे ना’ या भरवशावर आपल्याकडे तरी कोणी निर्धास्त राहू नये.

हाच समुद्र दुसऱ्या वाटेने कार्बन खालीही पाठवतो. खोलातल्या पाण्याबरोबर खतद्रव्ये वर येतात, सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांना खाणारे जीव वाढतात, आणि त्यांचे मृत अवशेष व विष्ठा खाली झरत राहते. 1986 पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी अरबी समुद्राच्या खोलात नरसाळ्यासारखी उपकरणे टांगून हा अवशेषांचा पाऊस वर्षभर गोळा केला. वर मोसमी वारे जोरात असतात तेव्हा काही आठवड्यांतच हजारो मीटर खाली हा पाऊस वाढतो, असे त्यात दिसले. जमिनीवरच्या पावसाची नोंद आपण घरोघरी ठेवतो. त्याच वाऱ्यांनी समुद्राच्या तळाशी पडणारा हा दुसरा पाऊस तितकाच नोंदण्याजोगा आहे.

त्या अवशेषांचे कुजणे मध्ये वाटेतच प्राणवायू संपवते. साधारण 150 ते 1,000 मीटर खोलीत अरबी समुद्रात प्राणवायू जवळजवळ उरत नाही, आणि तिथले जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. पावसाळ्याच्या अखेरीस असे निकृष्ट पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावरही चढते. 2000 साली सय्यद वजीह अहमद नक्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात तयार होतो. शतकाच्या हिशेबात हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 270 पटींच्या आसपास तापवतो. शेतातून आणि गटारातून येणारे नत्र या पाण्याला आणखी बिघडवते. वसई-विरारसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरपट्ट्यात सांडपाण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ दुर्गंधीचा आणि डासांचा राहत नाही.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात दोनेक दशकांपासून एक हिरवा प्लवक जोर धरतो आहे: नॉक्टिल्युका. रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक ते पाहायला गर्दी करतात, त्या चमकेमागे बहुधा याच कुळातले जीव असतात. त्याच्या पेशीत हिरवे शैवाल राहते आणि तो स्वतः डायटमही खातो. 2014 साली हेल्गा दो रोझारिओ गोम्स, जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी या वाढीचा संबंध प्राणवायू कमी असलेल्या पाण्याशी जोडला. त्यावर शास्त्रज्ञांत वादही झाला. पण डायटमच्या जागी नॉक्टिल्युका आला तर मासळीचा आहार आणि तळाशी जाणारा कार्बन, दोन्हींचा मार्ग बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

समुद्राला हाताने ढकलून अधिक कार्बन घ्यायला लावता येईल का, याचा एक प्रयोग भारताने जर्मनीबरोबर केला. 2009 साली ‘पोलरस्टर्न’ या जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचे क्षार सोडले. प्रयोगाचे नाव लोहाफेक्स. सूक्ष्म वनस्पती वाढल्या, पण त्या पाण्यात सिलिका फारच थोडा होता म्हणून डायटम वाढू शकले नाहीत. जे वाढले ते कोपेपॉड नावाच्या बारीक प्राण्यांनी खाऊन टाकले, आणि खोलात कार्बन फारच थोडा गेला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. समुद्राचा एक दाणा वाढवला म्हणून पीक येत नाही, हे त्याने मोजून सिद्ध केले. आज समुद्रात अल्कद्रव्ये मिसळण्याच्या, काळ्या पाषाणाची पूड शेतात पसरण्याच्या कल्पना पुढे येत आहेत. दख्खनचा दगड त्यात केव्हातरी ओढला जाईल. त्या तपासताना लोहाफेक्सचा धडा हाताशी असावा.

वैतरणेच्या आणि वसईच्या खाडीतली तिवरांची राने या सगळ्यात सर्वात कमी खर्चाची मदत करतात. तिवराच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून पाने-मुळे सावकाश कुजतात आणि कार्बन शतकानुशतके गाडला जातो. त्याच चिखलात सल्फेटवर जगणारे जीवाणू अल्कता निर्माण करतात, ती ओहोटीबरोबर समुद्रात जाते आणि त्याची कार्बन धरून ठेवण्याची ताकद वाढवते. खाजणात भराव टाकला की एका दिवसात हे दोन्ही थांबते, आणि उघडा पडलेला जुना कार्बन हवेत जाऊ लागतो.

कळंबच्या किनाऱ्यावरची कवचे आम्लामुळे पातळ झाली, असे विधान या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा सामू भरती-ओहोटीने, पावसाच्या पुराने, सांडपाण्याने, दिवसा-रात्रीच्या फरकाने इतका हलतो, की एका दशांशाचा जागतिक बदल त्यात ओळखायला वर्षानुवर्षांची सलग नोंद लागते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीच्या समोर 1997 पासून अशी मालिका चालवली, म्हणून तिथल्या पाण्याविषयी ठामपणे बोलता येते. उत्तर कोकणाला तशी मालिका हवी.

ती सुरू करायला जहाज लागत नाही. महिन्यातून एकदा, भरतीची तीच वेळ धरून, कळंब, अर्नाळा आणि वसई किल्ल्याजवळचे पाचूबंदर इथले पाणी काचेच्या बाटलीत हवा न राहील असे भरावे, त्यात मर्क्युरिक क्लोराइड अगदी थोडे घालून जीवक्रिया थांबवावी, आणि अल्कता टायट्रेशनने मोजावी. मर्क्युरिक क्लोराइड विषारी आहे, ते शिक्षकांच्या हातीच राहावे आणि उरलेले द्रावण मोरीत जाऊ नये. तापमान आणि क्षारता त्याच वेळी नोंदवावी. सामूसाठी साध्या काचेच्या इलेक्ट्रोडवर विसंबू नये, मेटाक्रेसॉल पर्पल रंगाची पद्धत वापरावी. मोजमापाची खातरजमा करायला अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेतून प्रमाणित समुद्रजल मिळते. रसायनशास्त्राचा विभाग असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाला हे झेपण्याजोगे आहे. शेवटच्या प्रकरणात पद्धत पायरीपायरीने दिली आहे. वसई, विरार, पालघर, डहाणू इथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती उचलावी, किमान दहा वर्षे खंड पडू देऊ नये, आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत.